टाचण कोणासाठी लिहायचे?

माझ्या टाचणवहीवर, म्हणजे रोजच्या पाठांची तयारी लिहून ठेवायच्या वहीवर, शेवटची लाल सही झाली, त्याला आता दहा वर्षे होत आली. यवतमाळ जिल्ह्यातील एका दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत मी सहा वर्षे शिकवले, नंतर पतीच्या नोकरीमुळे जपानमधील नागानो प्रांतात आले, आणि गेली चार वर्षे इथल्या डोंगराळ भागातील एका लहान प्राथमिक शाळेत परदेशी मुलांची भाषा-साहाय्यक म्हणून आठवड्यातून तीन दिवस जाते. या दोन शाळांत एक मोठे साम्य आहे. दोन्हीकडे पट कमी आहे आणि दोन्हीकडे एकाच खोलीत, एकाच शिक्षकासमोर, वेगवेगळ्या इयत्तांची मुले बसतात. या साम्यामुळेच मला गावाकडच्या शाळेविषयी इथे राहून काही लिहिण्याचा थोडाफार अधिकार आहे, असे वाटते.

गावाकडे शाळेवरून काय वाद चालले आहेत, ते मी नेमाने वाचते. 2025 च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकवण्याचा शासन निर्णय निघाला आणि मोठ्या विरोधानंतर जूनच्या अखेरीस तो मागे घेतला गेला. त्याआधी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभाराव्यात की नाही, यावर बराच काळ चर्चा झाली. हे वाद महत्त्वाचे आहेत. झरी जामणी किंवा घाटंजी तालुक्यातल्या एखाद्या कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या छोट्या वस्तीवरची शाळा बंद झाली, तर पावसाळ्यात नाला ओलांडून सहा वर्षांची मुलगी दुसऱ्या गावच्या शाळेत जाणार नाही, हे तिथे राहिलेल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. परंतु भाषा कोणती, मंडळ कोणते, शाळा किती, या प्रश्नांवर वर्षे निघून जातात आणि सोमवारी सकाळी शिक्षक फळ्यासमोर उभा राहतो, तेव्हा पुढच्या चाळीस मिनिटांत काय घडणार हे कोणी, केव्हा आणि कोणाबरोबर बसून ठरवले, हा प्रश्न कोणी विचारत नाही. मूल वाचायला शिकते की नाही, ते त्या चाळीस मिनिटांत ठरते.

आम्हाला डी.एड.ला पाठ लिहायला शिकवले होते. प्रस्तावना, हेतुकथन, विषय विवेचन, संकलन, उपयोजन अशा पायऱ्या असत आणि पानावर शिक्षककृती, विद्यार्थीकृती व फलकलेखन असे रकाने आखलेले असत. विद्यार्थीकृतीच्या रकान्यात आम्ही सर्वजणी एकच वाक्य लिहीत असू : ‘विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील व उत्तरे देतील.’ कोणती उत्तरे देतील, हे कोणी लिहिले नाही आणि पाठ तपासणाऱ्यांनीही ते कधी विचारले नाही. नोकरी लागल्यावर टाचण आणखी आखूड झाले. घटकाचे नाव, पान क्रमांक, साहित्य, गृहपाठ. शनिवारी आठवड्याचे टाचण एकदम लिहून काढायचे, मुख्याध्यापकांची सही घ्यायची, आणि तपासणीला कोणी आले की वही पुढे करायची. ती वही वर्गात उघडून पाहिल्याचे मला एकदाही आठवत नाही. मी आळशी नव्हते. ती वही माझ्या कामाची नव्हती, कारण ती माझ्यासाठी लिहिलेलीच नव्हती.

इथे आल्यावर मी पहिल्यांदा ‘जुग्यो केनक्यू’ पाहिले. शब्दशः अर्थ पाठाचा अभ्यास. शाळेतील शिक्षक मिळून एक पाठ आखतात, त्यांच्यापैकी एक जण तो खऱ्या मुलांना शिकवतो, बाकीचे वर्गाच्या कडेला उभे राहून मुले काय करतात ते टिपतात आणि नंतर सगळे बसून त्यावर बोलतात. मी पाहिलेला पाठ पहिलीच्या वजाबाकीचा होता : 13 मधून 9 वजा करणे. एवढ्या एका उदाहरणासाठी पाच पानांचे टाचण होते, आणि त्यातला सर्वांत मोठा रकाना होता मुले काय उत्तर देतील याचा. एक मूल बोटांवर उलटे मोजत येईल. दुसरे मूल आधी 3 काढून 10 वर येईल आणि मग उरलेले 6 काढील. तिसरे मूल दहातून थेट 9 काढील, उरलेल्या 1 मध्ये 3 मिळवील आणि 4 म्हणेल. एखादे मूल 3 मधून 9 जात नाहीत म्हणून 9 मधून 3 काढून 6 लिहील. प्रत्येक उत्तरापुढे शिक्षिका त्या मुलाला पुढे काय विचारणार, ते लिहिले होते. शेवटच्या चुकीपुढे सर्वांत जास्त ओळी होत्या. तासाच्या शेवटी फळा कसा दिसेल, त्याचेही चित्र काढलेले होते, कारण इथे तास संपेपर्यंत फळ्यावरचे सहसा पुसत नाहीत. मुलाला सुरुवातीचा प्रश्न आणि शेवटचे उत्तर एकाच नजरेत दिसावे, अशी त्यामागची कल्पना आहे.

पाठानंतरच्या बैठकीत बराच वेळ 13 आणि 9 याच संख्या का घेतल्या, यावर बोलणे झाले. 9 हा आकडा दहाच्या अगदी जवळचा आहे, म्हणून दहातून काढण्याची युक्ती मुलाला स्वतःहून सुचू शकते. 12 मधून 3 घेतले असते, तर बहुतेक मुलांनी 2 काढून मग 1 काढला असता आणि ज्या युक्तीसाठी पाठ आखला ती समोरच आली नसती. एका संख्येची निवड हे शिक्षकाचे केवढे मोठे काम असते, हे मला त्या दिवशी कळले. सहा वर्षांत मी पाठ्यपुस्तकातील पहिले उदाहरण पहिले म्हणून फळ्यावर लिहीत आले होते.

हा पाठ जसाच्या तसा उचलून यवतमाळला नेला, तर तो चालणार नाही. जपानी भाषेत तेराला ‘जू-सान’ म्हणतात, म्हणजे दहा-तीन. मुलाला त्या शब्दातच दहा ऐकू येतात. आपल्या ‘तेरा’ या शब्दात दहा लपलेले आहेत. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात पंचवीसबरोबर ‘वीस पाच’ असे वाचन दिले, तेव्हा राज्यभर गदारोळ झाला होता. त्या विषय समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, जोडाक्षरे आणि उलट्या क्रमाची संख्यानामे लहान मुलांना जड जातात. विरोध करणाऱ्यांचे म्हणणेही मला समजत होते, कारण बाजारात कोणी ‘वीस पाच’ म्हणत नाही आणि मुलाला अखेर तिथेच व्यवहार करायचा असतो. मात्र त्या वेळी पुस्तकात कोणता शब्द छापावा, यावरच सगळे बोलले. मराठी शाळेतील शिक्षकाला तेरातले दहा दाखवण्यासाठी एक जादा पायरी आखावी लागते, तिला दोन-तीन तास लागतात आणि ते तास नियोजनात धरले पाहिजेत, हा त्या वादातून निघायला हवा होता असा निष्कर्ष निघालाच नाही. आमच्याकडे या पायरीसाठी साहित्य विकत आणावे लागत नाही. तुराट्यांच्या काड्या प्रत्येक घराच्या कुडाजवळ पडलेल्या असतात. दहाची जुडी बांधायची, सुट्या तीन बाजूला ठेवायच्या, आणि नऊ द्यायची वेळ आली की जुडी सोडायची.

बहुवर्गाचा प्रश्न मात्र इथे ज्या पद्धतीने सोडवतात, ती आपल्याकडे जवळजवळ तशीच नेता येईल, असे मला वाटते. जपानमध्ये दोन इयत्ता मिळून 16 किंवा त्याहून कमी मुले असली, तर त्यांचा एकच वर्ग करतात. त्यात पहिली असेल तर ही मर्यादा 8 आहे. आमच्या शाळेत अशा वर्गाला पुढे आणि मागे असे दोन फळे आहेत आणि दोन इयत्ता एकमेकींकडे पाठ करून बसतात. शिक्षक एका इयत्तेकडून दुसऱ्या इयत्तेकडे जातो, त्याला ‘वातारी’ म्हणतात. आणि दोन्ही इयत्तांना एकाच वेळी शिक्षकाची गरज पडू नये म्हणून पाठाचे टप्पे मागेपुढे सरकवतात, त्याला ‘झुराशी’ म्हणतात. दुसरीला नवा भाग समजावून सांगायचा असतो, त्या दहा मिनिटांत पहिली कालचा सराव करते आणि पहिलीतलेच एक मूल तो सराव चालवते. हे सगळे टाचणात दोन रकाने शेजारी शेजारी आखून, दहा-दहा मिनिटांच्या ओळी पाडून लिहिलेले असते. मी चार इयत्ता सांभाळत होते, तेव्हा पहिली-दुसरीला शिकवताना तिसरी-चौथीला ‘पाढे लिहा’, ‘धडा उतरवून काढा’ असे सांगत असे. त्या मुलांनी माझ्याकडे शिकण्याचा जितका वेळ घालवला, त्यातला अर्धा वेळ तरी उतरवण्यात गेला, याचे मला आजही वाईट वाटते.

जपानचे सगळेच अनुकरणीय आहे, असे मात्र नाही. ओईसीडीच्या 2018 च्या पाहणीत इथल्या कनिष्ठ माध्यमिक शिक्षकांचे काम आठवड्याला 56 तास भरले. सहभागी देशांत ते सर्वाधिक होते आणि सरासरी 38 तासांच्या आसपास होती. पाच पानांचे टाचण रात्री उशिरापर्यंत शाळेत बसून लिहिले जाते, आणि त्याची किंमत शिक्षकाचे घर मोजते. शिवाय ज्या मुलाच्या घरी जपानी बोलत नाहीत, ते मूल अशा नेटक्या पाठात गप्प बसून राहते. माझे काम त्याच मुलांबरोबर असल्याने मी ते रोज पाहते. कोलामी किंवा गोरमाटी बोलणारे मूल पहिलीत येऊन प्रमाण मराठीतले ‘वजा करा’ ऐकते, तेव्हा त्याचा चेहरा तसाच होत असे. त्या मुलांसाठी टाचणात दोन शब्द त्यांच्या बोलीतले लिहून ठेवणे, एवढेही मी केले नव्हते.

वेळेचा प्रश्न आपल्याकडे कायद्याने आधीच सोडवून ठेवला आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान 45 तास सांगितले आहेत आणि त्यात पूर्वतयारीचे तास धरलेले आहेत. त्याच कायद्याच्या 27व्या कलमानुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. प्रत्यक्षात पूर्वतयारीचे तास ऑनलाइन माहिती भरण्यात, पोषण आहाराच्या नोंदीत आणि मोबाइलवर आलेल्या तातडीच्या तक्त्यांत जातात. शिक्षकांच्या संघटनांनी वेतन आणि बदल्यांइतक्याच जोराने हे तास मागावेत, अशी माझी इच्छा आहे. जवळपासच्या शाळांचे मिळून एक केंद्र असते, त्या केंद्रावर शिक्षकांची शिक्षण परिषद भरते, तिच्यासाठी वेगळा खर्च किंवा नवी योजना लागत नाही. त्या दिवशी परिपत्रके वाचून दाखवण्याऐवजी केंद्रातल्या एखाद्या शाळेत खऱ्या मुलांसमोर एक पाठ घ्यावा, बाकीच्या शिक्षकांनी मुलांच्या वह्यांत डोकावून पाहावे, आणि बोलणे शिक्षकाच्या आवाजावर किंवा फळ्यावरच्या अक्षरावर न होता मुलांच्या उत्तरांवर व्हावे.

आणि हे नियोजन आमच्या मातीचे असावे. विदर्भातील शाळा उन्हामुळे राज्यातील इतर शाळांपेक्षा उशिरा उघडतात. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी सुरू होते आणि आईबरोबर मुलेही शेतात जातात. वर्गातला पट निम्म्यावर येतो. तरीही वार्षिक नियोजनाचा छापील तक्ता साऱ्या राज्याला एकच असतो आणि हातच्याची वजाबाकी किंवा भागाकार नेमका त्या आठवड्यांत येऊ शकतो. माझ्या एका पालकांनी मला विचारले होते, ‘मॅडम, पोट्टं चौथीत हाये, पण कापसाची हिशोबपट्टी वाचता येत नाही त्याले, मंग शिकते काय ते?’ मी तेव्हा पटसंख्या आणि गैरहजेरीचे कारण सांगितले. आज सांगायचे झाले, तर मी वेचणी संपल्यावरचा पहिला आठवडा त्याच हिशोबपट्टीसाठी राखून ठेवीन : किलो आणि क्विंटल, वजनातून केलेली कपात, दर आणि रक्कम. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात 1937 च्या परिषदेतून गांधीजींच्या नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याच्या पद्धतीची सुरुवात झाली, तेव्हा टकळीवर सूत कातता कातता तार मोजायचे आणि त्यातून गणित शिकायचे, या रीतीला समवाय म्हणत. तो समवाय आपोआप घडत नसे. कोणत्या कामातून कोणते गणित काढायचे, ते शिक्षकाला आदल्या दिवशी बसून ठरवावे लागे.

गेल्या ऑगस्टमध्ये इथली उन्हाळी सुट्टी लागल्यावर मी गावी गेले, तेव्हा माझ्या जुन्या शाळेत आता शिकवणाऱ्या मॅडमबरोबर एक दिवस बसले. पऱ्हाटी कमरेएवढी झाली होती आणि शाळेत चार इयत्तांची सतरा मुले होती. आम्ही दोघींनी एका मोठ्या कागदावर चार रकाने आखले, पहिलीच्या रकान्यात ‘13 मधून 9’ लिहिले आणि त्याखाली मुले काय काय म्हणतील, ते लिहीत गेलो. आम्ही सात उत्तरे लिहिली होती. दुसऱ्या दिवशी मुलांनी त्यातली तीन दिली आणि आम्हाला न सुचलेली दोन दिली. एक मुलगी जुडी सोडायलाच तयार नव्हती, कारण बांधलेली जुडी मोडली तर आई रागावेल, असे तिला वाटत होते. मॅडमनी तो कागद घडी घालून टाचणवहीत ठेवला आणि त्याच्या समासात लिहिले : ‘पुढच्या वर्षी वजाबाकीच्या आधी दोन दिवस नुसते जुड्या बांधणे आणि सोडणे.’