‘पैशाचं रडगाणं बंद करा’ म्हणणाऱ्या दादांना उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की जिल्हा परिषदेच्या शाळांना पुरेसा पैसा मिळत नाही आणि त्याचा फटका थेट वर्गात बसतो. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की गुरुजींना ऐंशी-नव्वद हजार पगार आहे, शिक्षणाच्या बजेटमधला बहुतेक पैसा पगारातच जातो, तरी पोरांना भागाकार येत नाही, पुणे जिल्ह्यातल्या वाबळेवाडी आणि जालिंदरनगरच्या जि.प. शाळांनी सरकारकडे हात न पसरता करून दाखवलं, मग हे रडगाणं कशाला, आणि ताई तुमची स्वतःची मुलं कुठं शिकतात ते आधी सांगा. कमेंटमध्ये एवढं मावेना म्हणून इथं लिहितेय. मुलांचं शेवटी सांगते.

जे मान्य आहे ते आधी मान्य करते. न शिकवणारे शिक्षक आहेत. बदलीसाठी पुढाऱ्यांच्या मागं फिरणारे, शाळेच्या वेळात पतसंस्थेच्या निवडणुकीची गणितं मांडणारे मी डोळ्यांनी पाहिलेत, त्यांची बाजू घ्यायला मी बसलेली नाही. मागच्या लेखात याबद्दल एक ओळही नव्हती, ते चुकलं माझं.

पण सगळ्यांनाच नव्वद हजार मिळतात हे खरं नाही. नवीन लागणारा प्राथमिक शिक्षक पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक असतो, त्याचं मानधन कित्येक वर्षं ६,००० होतं, २०२३ मध्ये ते १६,००० झालं. तेही लागला तर. २०१२ मध्ये भरती थांबली ती वर्षानुवर्षं थांबलेलीच, डीएडवाली पोरं वाट बघून बघून कुणी पोल्ट्री टाकली, कुणी कंपनीत लागलं. आणि २०२४ मध्ये वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत एक शिक्षक कंत्राटी घ्यायचं ठरलं, ते २०२५ मध्ये रद्द झालं.

बरं, समजा आमच्या सरांना ऐंशी हजारच आहेत. मग तो ऐंशी हजाराचा माणूस दिवसभर काय करतो ते बघा ना. मी दोन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष होते, म्हणून ऐकीव नाही, बघितलेलं सांगते.

शाळा पहिली ते चौथी, पट ४१, शिक्षक दोन, खोल्या दोन. नियमाने बरोबर आहे, आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे एका शिक्षकाकडे दोन वर्ग, हे जुनंच आहे, आपण पण तसेच शिकलो. पण जि.प. च्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो, क्लार्क नसतो, हे बाहेरच्या माणसाच्या लक्षातच येत नाही. कुलूप उघडण्यापासून यूडायसची, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन नोंदणीतली शाळेची माहिती भरण्यापर्यंत सगळं त्या दोघांनीच करायचं. त्यात एक मुख्याध्यापकाचा पदभार सांभाळणार, म्हणजे मीटिंगला तालुक्याला तोच जाणार, आणि त्या दिवशी चारही वर्ग उरलेल्या एका मॅडमकडे.

जुलैमधला एक दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. तीन दिवस झड लागलेली. मी तांदळाच्या कट्ट्यांना कीड लागलीय का बघायला गेले होते. एका खोलीचे पत्रे गळत होते, म्हणून सगळी ४१ पोरं दुसऱ्या खोलीत. पहिली-दुसरीचं तोंड एका भिंतीकडे, तिसरी-चौथीचं दुसरीकडे, पाठीला पाठ लावून. या खोलीत पण कोपऱ्यात एक धार होतीच, तिच्याखाली पोषण आहाराचं पातेलं ठेवलेलं आणि आसपासची बसकर पट्टी गुंडाळून बाजूला, त्यामुळे पोरं आणखीनच दाटीवाटीत. इकडं पहिलीची पोरं अक्षरं म्हणतायत, तिकडं फळ्यावर ८४ भागिले ६. सर भाग कसा लावायचा ते सांगत होते तेवढ्यात फोन, आजची उपस्थिती भरली का म्हणून. सर फोन घेऊन ओट्यावर गेले, कारण रेंज तिथंच येते. पातेलं भरलं तसं चौथीतली एक मुलगी न सांगता उठली, पाणी बाहेर ओतून आली आणि जागेवर बसली. मी तिच्या पाटीत डोकावले, ८४ लिहिलेलं, खाली रेघ, पुढं काही नाही. सर परत आले तेव्हा खिचडी वाढायची वेळ झाली होती.

तो भागाकार राहिला तो राहिलाच. दादा, तुम्ही म्हणता पोरांना भागाकार येत नाही, मला तर तो जाताना दिसला.

माझं म्हणणं एवढंच आहे. शाळेला जो पैसा मिळत नाही तो कुठंतरी वसूल होतोच, आणि तो होतो शिकवण्याच्या वेळेतून. पत्रे बदलले नाहीत, तर दोन वर्गांचा गोंगाट. क्लार्क नाही, तर सर फोनवर. पगार जास्त आहे हा तुमचाच मुद्दा घ्या, मग एवढ्या महागड्या माणसाला आपण तांदूळ मोजायला आणि वीजबिल भरायला लावतोय याचा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त राग यायला पाहिजे.

आता शाळेच्या हातात येणारा पैसा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान मिळतं, ते पटावर ठरतं. ३० पर्यंत मुलं असतील तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० असतील तर २५,०००. आम्हाला २५ हजारांचं. मुलामागं वर्षाला साधारण ६१० रुपये. त्यातले निदान दहा टक्के स्वच्छतेवर घालायचेत, उरलेल्यात खडू, रजिस्टरं, झेरॉक्स, वीजबिल, तुटलेला नळ, संडासाची साफसफाई, रंग. आमच्याकडे एका वर्षी निम्मेच आले, तेही मार्चमध्ये, आणि ३१ तारखेच्या आत खर्च दाखवा म्हणून तगादा. जूनपासून मार्चपर्यंत सगळं सरांच्या खिशातून आणि दुकानदाराच्या उधारीवर चाललेलं. त्याच वर्षी बिल थकलं आणि मीटर कापलं. लोकवर्गणीतून घेतलेला टीव्ही आहे शाळेत, ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या सरकारी कार्यक्रमाच्या काळातला, गावाने वाजतगाजत आणलेला. सात महिने त्याच्यावर प्लॅस्टिकचा कागद होता.

आणि पटावरचं अनुदान म्हणजे कसं बघा, पोरं कमी झाली म्हणून पत्रा कमी गळत नाही, बिल कमी येत नाही. खर्च तेवढाच राहतो, पैसा १५ हजारांनी कमी होतो, शाळा आणखी पडकी दिसायला लागते, मग आणखी दोन पोरं पिवळ्या गाडीत बसून इंग्रजी मीडियमला जातात. तुम्ही लिहिलंय लोक शाळा सोडतात कारण शिकवत नाहीत. काही ठिकाणी असेल. पण गळका वर्ग बघून पण सोडतात, आणि भीतीने पण. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगरजवळ निंबोडीत जि.प. शाळेचं छत पडून तीन लेकरं गेली. २०२५ च्या जुलैत राजस्थानात झालावाडला तेच, सात लेकरं. ती बातमी आली त्या आठवड्यात आमच्या वाडीतल्या आया शाळा सुटेपर्यंत फाटकाशी उभ्या राहत होत्या.

वाबळेवाडी, जालिंदरनगरचं म्हणाल तर त्या शिक्षकांच्या आणि गावाच्या मेहनतीला माझा मनापासून नमस्कार आहे. पण तिथं पैसा नव्हता असं कसं म्हणता? वाबळेवाडीत गावाने जमीन दिली, सीएसआरमधून, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीतून, वर्गखोल्या झाल्या. म्हणजे पैसा लागलाच की, सरकारचा नाही तर दुसऱ्याचा. या शाळा शिरूर आणि खेड तालुक्यातल्या, त्यांच्या आजूबाजूला रांजणगाव, चाकणच्या कंपन्या आहेत. आमच्या आजूबाजूला डोंगर आहे आणि दिवाळीनंतर निम्मी घरं ऊसतोडीला गेलेली असतात, वर्गणी मागायची कुणाकडं? आणि ही लोकसहभागाची सवय आता वरपर्यंत गेलीय. २०२३ च्या शेवटी पोरांना आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरलं, जानेवारी २०२५ ला आदेश निघाला की त्याला सरकारी पैसा नाही, द्यायचं तर लोकसहभागातून द्या. ज्या गावाला अंड्याची सगळ्यात जास्त गरज तिथंच लोकसहभाग सगळ्यात कमी, हे कळायला फार शिक्षण लागत नाही.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितलं की राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर घाला, २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात परत तेच ६ टक्के लिहिलंय. मधे चोपन्न वर्षं गेली. मी काही अर्थतज्ज्ञ नाही. मला फक्त पत्रे, वेळेवर अनुदान आणि चार-पाच शाळांत मिळून एक क्लार्क एवढंच हवंय, मग सरांना जाब विचारायला मी स्वतः तुमच्याबरोबर येते.

आता माझी मुलं. मोठी मुलगी पहिली ते चौथी याच शाळेत होती, आज नववीत आहे, बरी चाललीय. धाकटा तिसरीपर्यंत इथंच होता. मागच्या जूनमध्ये पहिल्याच पावसात त्यांच्या खोलीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला, मी आणि सरांनी दुरुस्तीसाठी तिसऱ्यांदा अर्ज केला, काही झालं नाही, रात्री पाऊस वाजायला लागला की मला झोप लागेना. जुलैत त्याला काढला. दाखल्यावर सही करताना सर काही बोलले नाहीत, नुसतं हजेरीत त्याच्या नावापुढं लाल रेघ मारली आणि खाली पट लिहिला. ३१ चा ३० झाला.