माळेगावच्या पाळण्याबद्दल विचारणाऱ्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी उठून परत वाचली. मागच्या लेखात मी रोलर कोस्टरबद्दल लिहिताना म्हटलं होतं, "राइड जेवढी भीती दाखवते, तेवढीच ती आतून सुरक्षित असते." त्यावर तुम्ही लिहिलंत, "हे परदेशातल्या पार्कांचं झालं. आम्ही लेकरं घेऊन माळेगावच्या यात्रेला जातो. तिथल्या आकाशपाळण्यात कसलं आलंय इंजिनिअरिंग? तुमचं वाचून उद्या कुणी बिनधास्त बसलं आणि काही झालं, तर जबाबदार कोण?"

माझं चुकलं. ते वाक्य सरसकट लिहायला नको होतं. पण "कसलं आलंय इंजिनिअरिंग" हे मला पटत नाही.

पहिलं म्हणजे, परदेशातही हे शहाणपण आयतं आलेलं नाही. १८९५ साली न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला 'फ्लिप फ्लॅप' नावाची राइड सुरू झाली. तिच्या रुळाला बांगडीसारखा अगदी गोल उभा वळसा होता. आता गोल वळशाचं गणित असं आहे की, वरच्या टोकाला माणूस सीटला टेकून राहील एवढा वेग ठेवायचा म्हटलं, तर तळाशी त्याच्या अंगावर स्वतःच्या वजनाच्या किमान सहापट भार येतो. पन्नास किलोच्या माणसाला आपण तीनशे किलोचे झालो असं वाटतं. लोकांच्या माना दुखावल्या. पुढे १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या एका कोस्टरसाठी वेर्नर श्टेंगेल या जर्मन इंजिनिअरने वळशाला थेंबाचा आकार दिला, तळाशी ऐसपैस आणि वर आवळलेला. मानेवरचा भार उतरला. सरळ रस्ता किंवा रूळ जिथे वळायला लागतो, तिथेही आखणी करणारे अशीच हळूहळू आवळत जाणारी वक्ररेषा वापरतात.

मला मात्र या धंद्यातली दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. वीज जाणार, साखळी तुटणार, माणूस चुकणार, हे तिथे आधीच धरून चालतात. कोस्टर चढावर जाताना कट्-कट् आवाज येतो ना? गाडीच्या पोटाखाली एक लोखंडी जीभ असते, ती रुळामधल्या दात्यांवरून घसरत जाते, त्याचा तो आवाज. गाडी वर ओढणारी साखळी तुटलीच तर जीभ दात्यात अडकते आणि गाडी मागे येत नाही. तिला वीज लागत नाही की माणूस. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये हीच युक्ती असते. ब्रेकचंही तसंच. उसाच्या ट्रकच्या ब्रेकमधली हवा उतरली की ट्रक जागचा हलत नाही, कारण तिथे स्प्रिंग ब्रेक दाबून धरते आणि हवा तो सोडवते. कोस्टरचे कित्येक ब्रेक याच नियमाने बनवतात.

आता आपला पाळणा. दोन वर्षांपूर्वी आमच्या तालुक्यातल्या एका यात्रेत मी मुद्दाम सकाळी लवकर जाऊन पाळण्याची उभारणी बघितली. जमीन आपली काळी, ओली झाली की फुगणारी, वाळली की भेगाळणारी. मिस्त्रीने आडवे-उभे लाकडी ठोकळे रचले, म्हणजे वजन एका जागी रुतणार नाही. मग गवंड्यासारखी पाण्याची लेव्हल ट्यूब धरून चारी कोपरे बघितले. एका कोपऱ्यात पाणी बोटभर सरकलेलं दिसलं. त्याने ठोकळ्याखाली एक पातळ फळी ठोकली, परत बघितलं, मग अर्धी फळी काढली. "माती बसती साहेब, सांजच्याला पुन्हा बघावं लागतंय," म्हणाला. आणि संध्याकाळी त्याने खरंच बघितलं. माणसं बसवतानाही एक डबा भरला की चाक फिरवून समोरचा भरायचा. खाली उभ्या लोकांना तो वेळकाढूपणा वाटतो. पण दोन्ही बाजू तोलल्या नाहीत तर जड बाजू आपोआप खाली येते आणि सगळा ताण ब्रेकवर पडतो.

त्याच रात्री मुलीला घेऊन मी त्याच पाळण्यात बसायला गेलो. डबा ज्या दांड्यावर लटकतो, त्याच्या टोकाला स्प्लिट पिन, म्हणजे भोकात घालून टोकं वाकवायची, दांडा निसटू न देणारी पिन असायला हवी होती. तिथे सळया बांधायची तार पिळलेली होती. चालवणाऱ्या पोराला विचारलं, तर म्हणाला, "काही होत नाही, रोजचंच हाय." मुलीला उतरवलं, ती रडायला लागली. मिस्त्रीला शोधून आणलं. तार बघून तो एक शब्द बोलला नाही, पाळणा थांबवला आणि पेटीतून पिन काढून स्वतः बसवली.

ताई, पार्क आणि यात्रा यांतला फरक मला त्या रात्री दिसला. चांगल्या कोस्टरवर एका सीटवरचा, माणसाला अडवून धरणारा दांडा नीट लागला नाही, तर यंत्रणा गाडी सोडतच नाही. यात्रेत ते काम दिवसभर उभ्या असलेल्या एका माणसावर असतं. ज्ञान मिस्त्रीकडे होतं, पण तो जेवायला गेला की ते पाळण्यापाशी उरत नव्हतं.

म्हणून माळेगावला गेलात तर पाळणा आधी उजेडी बघून घ्या. पायाखालचे ठोकळे, दांड्यांच्या टोकाच्या पिना. बसताना चालवणारा प्रत्येक डब्याची कडी स्वतः हात लावून बघतो का, ते बघा. नसेल बघत, तर लेकरू कितीही रडलं तरी परत फिरा. मूळ लेखातलं ते वाक्य मी आज काढलं आणि त्या जागी तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी टाकली आहे.