आठाचा तीन

बंदुकीच्या परवान्यापायी पाचवा हेलपाटा आज. राधानगरीकडनं एसटीनं कोल्हापूर, ऊन डोक्यावर, आणि टेबलावरचं उत्तर तेच: "सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी बघू."

आज्ज्याच्या काळातली बारा बोअरची डबल बार (दुनळी) बंदूक आमची, परवाना पीक संरक्षणाचा. नळीवर कोरलेल्या नंबरात शेवटी ८. जुन्या परवाना पुस्तकातही शाईनं ठसठशीत ८. कॉम्प्युटरात चढवताना कुणीतरी त्याचा ३ केला. झालं! आता कागदावर आहे ती बंदूक माझ्याकडं नाही आणि माझ्याकडं आहे ती कागदावर नाही. चूक टाइप करणाऱ्याची, अ‍ॅफिडेव्हिट मी करायचं. स्टॅम्प पेपर, नोटरी, झेरॉक्सचे दोन संच, वर पोलीस ठाण्याचा नवा अहवाल. नळीचा फोटो दाखवला तर साहेब म्हणतात, "सिस्टीममध्ये आहे तेच खरं." म्हणजे पोलादावर कोरलेलं खोटं व्हय?

शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत ३ वर्षांवरनं ५ झाली, तेव्हा वाटलेलं सुटलो. कसलं काय! युआयएनच्या, म्हणजे कॉम्प्युटरातल्या परवाना नंबराच्या, नोंदीतच घोळ असल्यावर मुदत कितीची का असेना.

आणि निवडणूक लागू दे, बंदूक जमा करायचा निरोप लगेच घरपोच. तेव्हा बरा पत्ता सापडतो!

नूतनीकरण अडकलं म्हणून बंदूक ठाण्यात पडून. काल रात्री रानडुकरांनी उसाच्या चार सऱ्या आडव्या केल्या. मी बांधावर, पत्र्याचा डबा बडवत.