‘खान्देशात कुठे बर्फ पडतो?’ म्हणणाऱ्या कूलंटच्या मेसेजला उत्तर

उन्हाळा लागला की ट्रकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन, थंड मुलखासाठी असतं, आपल्याकडे ती निव्वळ कंपन्यांची लूट, बोअरचं पाणी भरा आणि पैसे वाचवा. गळती लागली तर रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाका, वर्षभर निश्चिंत. गाडी गरम होत असेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावरच रेडिएटरकडे पाणी सोडणारी झडप) काढून फेका. कूलंट टाकायचंच असेल तर कुठलंही टाका, रंग सोडला तर सगळं एकच. शेवटी ‘प्रत्येक ड्रायव्हर भावापर्यंत पोचवा’. पोचवणारेही कमी नाहीत, आणि कुणी शंका काढली की ठरलेलं उत्तर येतं, ‘काही नई होत भो!’

होतं. काय होतं ते बघू.

आधी बर्फाचं. खान्देशात बर्फ पडत नाही, कबूल. पण गाडी खान्देशातच राहते का? रावेर-सावद्याची केळी भरून जानेवारीत काश्मीरकडे गेलेली गाडी रात्रभर शून्याखालच्या थंडीत उभी असते. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि इंजिन ब्लॉकच्या बिडाला ते सोसत नाही, तडा जातो. निम्मं ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य रसायन), निम्मं पाणी असेल तर ते मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली गेल्याशिवाय गोठत नाही.

तरी आपल्यासाठी हा मुद्दा दुय्यम आहे. आपला प्रश्न मे महिन्याचा. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या पुढे आणि भरलेली गाडी पळासनेरहून बिजासन घाट चढतेय. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळतं, ५०-५० मिश्रण साधारण १०८ ला. रेडिएटरचं झाकण दाब धरतं म्हणून ही हद्द आणखी वर जाते: एक बार दाब धरणाऱ्या झाकणाखाली पाणी १२० च्या आसपास उकळतं, मिश्रण १२९ च्या आसपास. घाटात हे नऊ-दहा अंश कामाला येतात. आणि झाकणाचं रबर गेलेलं असेल तर वीसेक अंश फुकट गेले, मग आत काहीही भरा.

मेसेजवाल्याच्या बाजूने एक गोष्ट खरी आहे. नुसतं पाणी ग्लायकॉलपेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं. पण पाणी गंजवतंही, आणि आपल्याकडचं बोअरचं पाणी जड. बादलीला, गिझरला जो पांढरा थर बसतो तोच इंजिनच्या जॅकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटांमध्ये बसतो, आणि त्या थराआडून लोखंडाची उष्णता पाण्यापर्यंत नीट पोचत नाही. गाडी गरम व्हायला लागते, मालक रेडिएटर धुऊन आणतो, थर मात्र ब्लॉकमध्ये तसाच.

याहून मोठं नुकसान लायनरचं, म्हणजे पिस्टन ज्या नळीत वर-खाली होतो तिचं. बऱ्याच मोठ्या डिझेल इंजिनांत वेट लायनर असतात, म्हणजे लायनरची बाहेरची बाजू थेट पाण्यात. पिस्टन दर फेऱ्याला लायनरवर आदळतो, लायनर थरथरतो, आणि त्याला लागून असलेल्या पाण्यात वाफेचे बारीक बुडबुडे तयार होऊन लगेच फुटतात. प्रत्येक फुटणारा बुडबुडा लोखंडाचा कण उडवतो. असा लायनर उपसून बाहेर काढला की पिस्टन ज्या बाजूला दाबतो तिथे उभ्या पट्ट्यात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे दिसतात. बाकी लायनर गुळगुळीत. एखादा खड्डा आरपार गेला की पाणी ऑइलमध्ये, आणि मग इंजिन खोलण्यावाचून इलाज नाही. हेवी ड्यूटी कूलंटमध्ये नायट्राइटसारखी रसायनं असतात, काहींत सेंद्रिय आम्लांची. ती लायनरवर पातळ संरक्षक थर धरतात, तोच हा मार झेलतो. बोअरच्या पाण्यात हे कुठून येणार?

आता हळद. ती काही वेळ चालते, नाही असं नाही. पाण्यात फुगते, बारीक भोकात जाऊन बसते. पण रेडिएटरच्या अरुंद नळ्या आणि ऑइल कूलर यांच्यात आणि गळतीच्या भोकात तिला फरक कळत नाही. रात्री कोंडाईबारीत अडकलात, मदत नाही, तर हळद टाकून हळूहळू गॅरेज गाठा आणि दुसऱ्या दिवशी सगळं धुऊन काढा. ‘वर्षभर निश्चिंत’ ही थाप.

गळती शोधावी लागते. सकाळी, इंजिन थंड असताना, टॉर्च घेऊन. ओलं दिसलंच पाहिजे असं नाही; वाळलेलं कूलंट पांढरट किंवा रंगीत खरपुडी सोडतं, ती जिथे असेल तिथून वर बघत जायचं. होज पाइप टोकाशी दाबून बघा, लिबलिबीत किंवा ऑइल लागून फुगलेला असेल तर क्लिप आवळून उपयोग नाही, पाइप बदला. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं. तिथून टिपका पडतोय म्हणजे पंपाचं सील गेलं. काहीजण ते भोकच एम-सीलने बुजवतात! ते भोक मुद्दाम ठेवलेलं आहे. बुजवलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि पंप रस्त्यात जाम होतो. बाहेर काहीच सापडत नसेल तर प्रेशर टेस्टर लावा. झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हाताने हवा भरायची आणि काट्याकडे बघत बसायचं. काटा उतरतोय, बाहेर थेंब नाही, मग पाणी आत जातंय. डिपस्टिकवर ऑइल दुधाळ, कूलंटच्या टाकीत सतत बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, यातलं काही दिसलं तर हेड गॅसकेट, लायनरचे रिंग किंवा ईजीआर कूलर (धुराचा काही भाग इंजिनात परत नेताना गार करणारा) गेला समजा. इथे कुठलीही पावडर चालत नाही. आणि तापलेल्या गाडीचं झाकण उघडू नका, गरम ब्लॉकवर थंड पाणीही ओतू नका.

थर्मोस्टॅटचा सल्ला तर उलटाच पडतो. तो साधारण ८० अंशांच्या वर उघडतो, आणि बऱ्याच इंजिनांत उघडताना बायपासचा रस्ता बंद करतो. तो काढला की बायपास उघडाच राहतो, काही पाणी रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात जातं, म्हणजे घाटात गाडी आणखी तापते. ज्या इंजिनांत असं होत नाही ती थंडच पळतात: डिझेल जास्त, ऑइलमध्ये गाळ, आणि बीएस-६ गाडीत डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाई अडते. शंका असेल तर थर्मोस्टॅट काढून उकळत्या पाण्याच्या पातेल्यात सोडा. उघडला तर चांगला, नाही तर नवा बसवा.

रंगाचं उत्तर लहान आहे. रंग कंपनी टाकते, त्याला नियम नाही. एकाचं हिरवं आणि दुसऱ्याचं हिरवं वेगळं असू शकतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेला प्रकार बघा. डब्यावर एएसटीएम डी ६२१० हे मानक लिहिलेलं असेल तर ते हेवी ड्यूटीचं, नुसतं डी ३३०६ असेल तर ते कारचं. दोन प्रकार मिसळले की आतल्या रसायनांचं आयुष्य घटतं, कधी गाळ धरतो. प्रकार बदलायचा तर आधी पूर्ण धुवा. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं असेल तर डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं करा. ‘रेडी टू यूज’मध्ये पाणी घालू नका. निव्वळ कॉन्सन्ट्रेट भरणारेही भेटतात, त्यांनी लक्षात घ्यावं की निव्वळ ग्लायकॉल उणे १३ लाच गोठतं आणि उष्णताही कमी ओढतं.

मेसेजमध्ये एक गोष्ट आलीच नाही, ती यायला हवी होती. काढलेलं कूलंट नाल्यात किंवा बांधावर ओतू नका. ते चवीला गोड असतं, कुत्री आणि गुरं चाटतात, आणि थोडंसंही मूत्रपिंड निकामी करायला पुरतं. उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून केबिनमध्ये ठेवायची सवय सोडा. कुणाच्या पोटात गेलंच तर लिंबूपाणी, ताक करत बसू नका, डबा सोबत घेऊन थेट सिव्हिल गाठा.