शाळांचा 20 वर्षांचा आराखडा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: सरकारं पाच वर्षांत बदलतात, गावं रिकामी होताहेत, मग जिल्हा परिषद शाळांचा 20 वर्षांचा आराखडा म्हणजे नुसते कागदी घोडे. त्यापेक्षा 20च्या आतल्या पटाच्या शाळा बंद करा आणि मुलांना बस द्या.

सरकार बदलतं, पण 25व्या वर्षी लागलेला शिक्षक 58व्या वर्षापर्यंत असतो. आराखडा केला नाही तरी 33 वर्षांचा निर्णय होतोच, फक्त हिशेब न करता. सुरुवातीची वर्षं मानधनावर शिक्षक नेमणारी शिक्षणसेवक योजना 2000 साली आली. तेव्हा 22 ते 25 वर्षांचे असताना लागलेले शिक्षक 2033 ते 2036 या काळात निवृत्त होतील. जन्मतारखा शिक्षकांच्या पगाराच्या शालार्थ या ऑनलाइन प्रणालीत आहेत, त्याला ज्योतिषी लागत नाही. आणि भरती? शिक्षकभरतीसाठीची अभियोग्यता चाचणी 2017 नंतर थेट 2023मध्ये झाली. त्यात बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या आरक्षणात ते ठरवणारी यादी, आणि कोर्टकज्जे धरा. जागा रिकामी झाल्यावर जाहिरात काढायची म्हटलं, तर पहिलीतलं पोर चौथी पास होऊन जातं.

पटाचा अंदाज चुकतो हे मात्र खरं, आणि तो का चुकतो तेही ठरलेलं आहे. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदी घेऊन सहा वर्षांनंतरची पहिली मोजतात. पण नोंद जन्म झाला तिथे होते. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात, पहिलटकरीण तर माहेरी. गावात पोरं दहा आणि रजिस्टरात तीन. म्हणून अंगणवाडीचं सर्वेक्षण रजिस्टर घ्यावं, त्यात राहणारी मुलं वयानुसार सापडतात.

समजा, पुढच्या चार वर्षांत पहिलीच्या वयाची मुलं 10, 9, 8 आणि 7, म्हणजे एकूण 34. आजवर दर 12 मुलांतली 7 आपल्या शाळेत आली, बाकीची इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये. या दराने चार वर्षांनी पहिली ते चौथीचा पट 20, अगदी तुमच्या रेघेवर. बारातली 9 आली तर तोच पट 25-26. राज्याचा प्रजनन दर 2019-21च्या पाहणीत बाईमागे सरासरी 1.7 मुलं इतका होता, म्हणजे घट आहेच. पण या गावात शाळेचं भवितव्य जन्मांपेक्षा त्या 7 आणि 9 वर जास्त ठरतं. ते हलवायचं तर आधी दोन पूर्णवेळ शिक्षक हवेत. पट घसरला म्हणून शिक्षक काढला, की पालक उरलेली मुलंही काढतात.

शिवाय संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवणं, 30 सप्टेंबरच्या पटावर होते. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांच्या टोळ्या त्यानंतर मुलांना घेऊन निघतात. मुलं गावातच राहून शिकावीत म्हणून तिथे हंगामी वसतिगृहाची तरतूद आराखड्यातच हवी.

बसचं म्हणाल तर सरसकट विरोध नाही. 2023मध्ये सरकारने समूह शाळांचे, म्हणजे कमी पटाच्या शाळा एकत्र करून एक मोठी शाळा करण्याचे, प्रस्ताव मागवताना पुणे जिल्ह्यातल्या पानशेत आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळची उदाहरणं दिली होती. पण इमारत एकदा बांधली की झाली, बसचा खर्च दरवर्षीचा. ठेकेदाराचं बिल थकलं की गाडी उभी राहते, आणि आधी घरी बसतात त्या मुली. पहिली ते पाचवीसाठी शाळा घरापासून 1 किलोमीटरच्या आत हवी हा निकष आहे तो याचसाठी. नकाशावर सरळ रेघ मारून अंतर मोजू नका. ओढा भरल्यावर पावसाळ्यात कुठून वळसा घालावा लागतो ते जुलैमध्ये चालत जाऊन बघा. पुढच्या सहाही वर्षांचा अंदाज दहाच्या खाली आणि रस्ता बारमाही असेल, तर ती शाळा हलवायला माझी हरकत नाही. मात्र बसचा पाच वर्षांचा खर्च मंजूर झाल्यानंतरच कुलूप लावा.