कुत्र्याच्या खाऊतला लसूण, मनुके आणि उन्हात वाळवलेलं रताळं

कुत्रा पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक कृती पुन्हा पुन्हा फिरते. ती साधारण अशी: ‘बाजारचा खाऊ बंद करा. रताळं, गाजर, भोपळा घ्या. लसणाच्या दोन पाकळ्या आणि हळद ठेचून लावा, गोडीला मनुके आणि गूळ. कडक उन्हात दोन दिवस वाळवा आणि बरणीत भरा, महिनाभर टिकतो. भाजीच ती, हवी तेवढी द्या. जंत जातात, गोचीड लागत नाहीत, डॉक्टरची पायरी चढावी लागत नाही.’

रताळं, गाजर, भोपळा यांच्याशी आमचं भांडण नाही. मीठ-मसाला न घालता शिजवलेल्या या भाज्या बहुतेक कुत्र्यांना उत्तम चालतात. त्या संदेशाखाली कोणीतरी हमखास लिहितं की कुत्रा मांसाहारी, त्याला भाजी पचतच नाही. तेही खरं नाही. पिष्ट पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, हे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं आहे. फक्त पिष्ट शिजलेलं हवं. घोटाळा सुरू होतो तो लसणापासून.

‘लसूण घाला, जंत जातात.’ लसणाने कुत्र्याचे जंत पडतात किंवा गोचीड दूर राहतात, याला भरवशाचा पुरावा नाही. अपाय मात्र चांगला माहीत आहे. कांदा, लसूण, पातीचा कांदा या सगळ्यांतली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात, तांबड्या पेशी फुटू लागतात आणि रक्तक्षय होतो. शरीराच्या वजनाच्या ०.५ टक्क्याहून जास्त कांदा एका वेळी पोटात गेला की विषबाधा ठरलेली, असं पशुवैद्यकात मानतात. १० किलोच्या कुत्र्याला हे ५० ग्रॅम होतात आणि ३ किलोच्या पॉमेरेनियनला फक्त १५ ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याची एक फोड. लसूण तर कांद्याहून तीव्र. शिजवून, तळून, वाळवून हा गुण जात नाही. उलट वाळवलेली पूड वजनाला हलकी आणि मात्रेला जड.

‘आमचा कुत्रा रोज खातो, काही झालं नाही,’ असं सांगणारे भेटतात. मोठ्या लॅब्रॅडॉरला एका पाकळीने काही दिसणार नाही, हे खरंच आहे. पण रोजची थोडी मात्रा साठत जाते, आणि एकदम जास्त खाल्लं तरी लक्षणं अनेकदा तीन ते पाच दिवसांनी उमटतात: हिरड्या फिक्या पडणं, धाप लागणं, लघवी कॉफीसारखी होणं. तोवर खाऊ कोणाला आठवतही नाही. शिवाय आपल्याकडे गोचीडतापाने तांबड्या पेशी आधीच घटलेले कुत्रे पुष्कळ. अशा कुत्र्याला गोचिडावर उपाय म्हणून लसूण देणं म्हणजे त्याच दुखण्यात भर. ताटातली उरलेली भाजी, कांदा-लसूण मसाला आणि पाकिटातल्या सूपची पूड याच कारणाने वर्ज्य.

हळदीने जंत पडत नाहीत. चिमूटभराने बिघडत नाही, इतकंच.

मनुके मात्र लसणाहून वाईट, कारण त्यांची सुरक्षित मात्राच सांगता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसऱ्याची मूत्रपिंडं थोड्याशाने बंद पडतात. २०२१पासून संशयाचं बोट टार्टारिक आम्लाकडे आहे, आणि द्राक्षांच्या प्रतीनुसार ते कमी-जास्त असतं. हेच आम्ल चिंचेत भरपूर असतं, म्हणून चिंच घातलेलं काहीही देऊ नका. गूळ म्हणजे नुसती साखर. रताळं स्वतःच गोड असतं, त्यात गुळाचं काय काम? पण ‘मग शुगर-फ्री घालू’ असा विचार तर अजिबात नको. त्यात झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरतात ते गोड द्रव्य असलं तर कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते. पीनट बटरच्या बरणीवरची घटकांची यादीही त्यासाठी वाचावी.

‘भाजीच ती, हवी तेवढी द्या.’ खाऊ दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांत बसला पाहिजे. नसबंदी झालेल्या, १० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला साधारण ६३० कॅलरी लागतात, म्हणजे खाऊला ६३. कच्च्या रताळ्यात १०० ग्रॅमला ८६ कॅलरी असतात. वाळल्यावर त्या १०० ग्रॅमचे २५-३० ग्रॅम उरतात, कॅलरी तेवढ्याच राहतात. म्हणजे वाळलेल्या चार-पाच चकत्यांत दिवसाचा कोटा संपला. काकडी किंवा वाफवलेली फरसबी असेल तर हात थोडा सैल सोडायला हरकत नाही. आणि जेवणाऐवजी भाजी कधीच नको. तिच्यात पुरेशी प्रथिनं नाहीत, पुरेसं कॅल्शियम नाही, बी-१२ नाही.

‘दोन दिवस उन्हात.’ इथे वाळवणाचा अनुभव फसवतो. पापड, कुरडया, सांडगे वर्षभर टिकतात ते पातळ किंवा बारीक असल्यामुळे, त्यांत मीठ असल्यामुळे आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हामुळे. रताळ्याची चकती जाड आणि गोड, आणि कुत्र्यासाठी मीठ घालता येत नाही. वरून ती कडक होते, आत ओल राहते. बरणीत गेली की आठवड्यात बुरशी, मुंबई-कोकणच्या दमट हवेत त्याहून लवकर. काही बुरशींच्या विषाने कुत्र्याला कंप सुटतो, झटके येतात. वरची बुरशी खरवडून उरलेलं देऊ नका.

नीट करायचं तर रताळं सोलून ६ मिलिमीटरच्या चकत्या करा. फार पातळ केल्या तर कडा करपतात, जाड केल्या तर मध्य ओला राहतो. मोदकपात्रात ६-७ मिनिटं वाफवा, कोरड्या करा, जाळीवर एकमेकींना न चिकटवता मांडा. सपाट ताटात मांडल्या तर खालची बाजू घामेजते. ओव्हन १०० अंशांवर, अडीच ते तीन तास, अर्ध्या वेळाने उलटायच्या. पूर्ण थंड झाल्यावर एक मोडून पाहा. ‘कट्’ झालं तर झाली, वाकली तर अजून अर्धा तास. गरम असताना डबा बंद केला की झाकणाला पाणी सुटतं आणि सगळी मेहनत वाया जाते. फ्रिजमध्ये दहा दिवस, फ्रीझरमध्ये दोन महिने. महिनाभर बाहेर नाही.

दात नसलेल्या किंवा गिळण्याची घाई असलेल्या कुत्र्याला चकत्यांपेक्षा बिस्किटं बरी. १०० ग्रॅम वाफवलेला, फडक्यातून पिळलेला लाल भोपळा, १२० ग्रॅम ज्वारीचं पीठ, एक अंडं. ज्वारीला चिकटपणा नाही, म्हणून भाकरीला गरम पाणी घेतो तसा भोपळा गरम असतानाच पिठात मिसळा आणि कोमट झाल्यावर अंडं घाला. पोळी लाटून ५० तुकडे करा, १६० अंशांवर २५-३० मिनिटं भाजा आणि बंद ओव्हनमध्येच थंड होऊ द्या. एका तुकड्यात सुमारे १० कॅलरी, म्हणजे वरच्या १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला सहा. भोपळा पिळला नाही तर मध्य मऊ राहतो, पुढे पुन्हा बुरशीच.

भाजी बदलायची असेल तर दुधी आधी स्वतः चाखा. कडू लागला तर टाकून द्या, शिजवून विष जात नाही. गाजर गोल कापू नका, घशात अडकतं. उभ्या काड्या करा. दाणे काढलेलं कणीस आणि आंब्याची कोय आतड्यात अडकतात, शस्त्रक्रियेची वेळ येते. हिरवट बटाटा नको. पालक आणि बीट मुतखडा झालेल्या कुत्र्याला नको. मधुमेही कुत्र्याला रताळं देण्याआधी डॉक्टरांना विचारा.

आणि पायरी चढायचीच तर लवकर चढा. मनुके किंवा लसूण खाल्ल्याचं कळलं की लक्षणांची वाट न पाहता पहिल्या दोन तासांत जनावरांच्या डॉक्टरकडे न्या, तोवर उलटी करवून बरंचसं बाहेर काढता येतं. घरी मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, रक्तात सोडियम चढून त्यानेच जीव जाऊ शकतो. किती खाल्लं, किती वाजता, कुत्र्याचं वजन किती, हे कागदावर लिहून न्या.