विमा दोन वर्षांच्या मुलीचा

आज दुपारच्या सुट्टीत आमच्या कार्यालयातल्या एका तरुण सहकारी मुलीने पर्समधून घडी घातलेला कागद काढला आणि "ताई, एवढे जरा बघून द्या ना, उद्या चेक द्यायचा आहे," असे म्हणत तो माझ्या डब्याशेजारी ठेवला. तिची मुलगी पाच महिन्यांची आहे. कागदावर पदवीदानाची टोपी घातलेल्या एका गोड मुलीचे चित्र होते, त्याखाली वर्षाला ६० हजार रुपयांचा हप्ता छापला होता, आणि कोपऱ्यात तिच्या चुलत दिरांनी, म्हणजेच विमा एजंटांनी, पेनने लिहिले होते: 'शिक्षण आणि लग्न, दोन्हींची काळजी मिटली.' रात्रीचे साडेदहा वाजले तरी माझा राग उतरलेला नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मुलीच्या शिक्षणासाठी बाजूला काढलेल्या पैशात लग्न आणून बसवणे किती चुकीचे आहे, हे माझ्या मित्रयादीतल्या कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. माझा राग त्याहून जुना आहे, कारण असाच एक कागद माझ्याही कपाटात आहे.

एप्रिल २००८ मध्ये आमची मुलगी दोन वर्षांची झाली, त्याच आठवड्यात माझ्या सासऱ्यांचे एक जुने स्नेही घरी आले. ते विमा एजंट होते. घरातले सगळे त्यांना काका म्हणत असू. त्यांनी मुलीसाठी चित्रांचे पुस्तक आणले होते, तिला मांडीवर घेतले होते, आणि चहा पिऊन झाल्यावर त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले, "उद्या तुम्ही दोघे नसलात, तर हिच्या शिक्षणाचे काय?" त्या प्रश्नानंतर मी कुठलाही प्रश्न विचारला नाही. वर्षाला २४ हजार रुपये, सोळा वर्षे भरायचे. काकांनी माहितीपत्रकाच्या पाठीमागे निळ्या पेनने आकडा लिहिला, 'साडेआठ लाख', आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. आम्ही सह्या केल्या.

२०१६ साली माझे यजमान अठरा दिवस रुग्णालयात होते. एका रात्री, काही बरेवाईट झालेच तर निदान मुलीच्या शिक्षणाची सोय आहे ना, एवढी खात्री करून घ्यावी म्हणून मी ती फाईल पहिल्यांदा नीट उघडली. विमाधारकाच्या रकान्यात मुलीचे नाव होते. विमा आम्हा दोघांपैकी कोणाचाही नव्हता, दोन वर्षांच्या मुलीचा होता. पालकाचा मृत्यू झाल्यास पुढचे हप्ते माफ होण्याची सोय वेगळी घ्यावी लागते, तिचे जास्तीचे पैसे भरावे लागतात, आणि ती आमच्या पॉलिसीत घेतलेलीच नव्हती. म्हणजे ज्या प्रश्नाने घाबरून मी सही केली होती, त्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदांत कुठेच नव्हते. यजमान बरे होऊन घरी आले, हे आमचे नशीब.

मग तेव्हाच पॉलिसी बंद का केली नाही, असे कोणी विचारेल. कारण मध्येच सोडली तर भरलेल्या पैशांतलाच मोठा भाग जातो. २००८ साली घेतलेली पॉलिसी तीन वर्षे हप्ते भरल्याशिवाय सोडली असती, तर हातात बहुधा काहीच आले नसते. त्यानंतरही, पॉलिसी सोडल्यावर परत मिळणारी रक्कम ठरवताना पहिल्या वर्षाचा हप्ता वगळण्याची पद्धत होती. त्या काळी कायद्याने एजंटाला पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर ३५ टक्क्यांपर्यंत कमिशन घेता येत असे, म्हणजे माझ्या पहिल्या २४ हजारांतून ८,४०० रुपयांपर्यंत. शाळेच्या बसभाड्यासाठी महिनाअखेरीस पाकिटे चाळणाऱ्या घरातून हे पैसे गेले, आणि ते गेल्याचे कोणी आम्हाला सांगितलेसुद्धा नाही. हे लिहितानाही माझा हात थरथरतो आहे.

२०२४ च्या उन्हाळ्यात मुदत संपली. आम्ही ३ लाख ८४ हजार रुपये भरले होते, ५ लाख ७१ हजार मिळाले. काकांच्या निळ्या आकड्यातला बोनस कंपनीने कधीच कबूल केलेला नव्हता, तो 'अंदाज' होता. त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. तेच २४ हजार दर एप्रिलला पीपीएफमध्ये, म्हणजे सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीच्या सरकारी बचत खात्यात, भरले असते, तर खाते उघडलेले वर्ष सोडून पुढची पंधरा आर्थिक वर्षे हा नियम धरून ते खाते नेमके १ एप्रिल २०२४ रोजी पूर्ण झाले असते. २००८ साली पीपीएफला ८ टक्के व्याज होते, मध्ये ते ८.८ पर्यंत गेले, एप्रिल २०२० पासून ७.१ आहे. सगळे चढउतार धरून रक्कम ७ लाख ७० हजारांच्या आसपास येते.

फरक दोन लाखांचा. अभियांत्रिकीचे पहिले वर्ष आणि वसतिगृह यांसाठी आम्हाला जेवढे कर्ज काढावे लागले, तेही दोन लाखांचेच. बँकेत माझी मुलगी माझ्या शेजारी बसली होती. शैक्षणिक कर्जात विद्यार्थी मुख्य कर्जदार असतो आणि पालक सहकर्जदार, म्हणून पहिली सही तिची होती. अठरा वर्षांच्या मुलीने आयुष्यातली पहिली महत्त्वाची सही कर्जाच्या कागदावर केली, आणि वर माझ्याकडे बघून "आई, बरोबर जागी केली ना?" असे विचारले. ते वाक्य मी विसरू शकत नाही आणि विसरू इच्छितही नाही.

हप्ता चुकण्याची भीती असल्यामुळे पॉलिसीत बचत तरी होते, हे मान्य. आता नियमही थोडे सुधारले आहेत. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या पॉलिसींना एक वर्षाचा हप्ता भरून सोडल्या तरी काही रक्कम परत मिळते. शिवाय आता कागद हाती आल्यावर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते. ज्यांनी नुकत्याच सह्या केल्या आहेत, त्यांनी कृपया आजच फाईल उघडून तारीख पाहावी. पण विम्यात बचत आणि बचतीत विमा असे एकत्र करून दिले की दोन्ही अपुरे पडतात, या माझ्या मतात काडीचाही फरक पडलेला नाही.

काका २०१९ मध्ये गेले. मी भेटायला गेले तेव्हा काकूंनी सहज बोलता बोलता सांगितले की, काकांनी स्वतःच्या दोन्ही नातवंडांसाठी अगदी हीच पॉलिसी घेतली होती. ते ऐकल्यावर माझा त्यांच्यावरचा राग तिथेच संपला. त्यांना जे शिकवले गेले, त्यावर त्यांचा मनापासून विश्वास होता, आणि तोच निळा आकडा त्यांनी आपल्या घरातल्या कागदावरही लिहिला असणार. तरीही, ज्यांनी हे त्यांना शिकवले त्यांना मी माफ करणार नाही.

आज त्या सहकारी मुलीला मी पहिला प्रश्न विचारला, "यात विमा कोणाचा आहे?" ती म्हणाली, "बाळाचा." दुसरे कारण तिने करबचतीचे सांगितले, दिरांनी तसे सांगितले होते. मी तिला विचारले की तू कोणती करप्रणाली निवडली आहेस, तर ती म्हणाली, नवी. नव्या करप्रणालीत विम्याच्या हप्त्यावरची वजावट मिळतच नाही, म्हणजे या हप्त्यावर तिचा एक रुपयाही कर वाचणार नाही. हे दिरांना माहीत नसेल तर त्यांनी हा धंदा करू नये, आणि माहीत असेल तर घरातल्या सुनेला असे सांगताना त्यांना काही वाटायला हवे होते.

मग मी तिला सांगितले की विमा तुझा आणि तुझ्या नवऱ्याचा काढ, शुद्ध टर्म इन्शुरन्स, ज्यात शेवटी काहीच परत मिळत नाही आणि म्हणूनच थोड्या हप्त्यात मोठे संरक्षण मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. शिक्षणाचे पैसे वेगळे ठेव. मुलगी दहा वर्षांच्या आतली आहे, तेव्हा पोस्टात किंवा बँकेत सुकन्या समृद्धीचे, म्हणजे फक्त मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेचे, खाते उघड. वर्षाला कमीत कमी २५० रुपये, जास्तीत जास्त दीड लाख. पंधरा वर्षे भरायचे, उघडल्यापासून एकवीस वर्षांनी खाते पूर्ण होते. जानेवारी २०२४ मध्ये त्याचा व्याजदर ८.२ टक्के झाला. व्याज दर तिमाहीला बदलू शकते, त्यामुळे हे वचन नव्हे, पण हाच दर टिकला असे धरले तर तिचे ६० हजार मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत साडेबावीस लाखांच्या आसपास जातात. अडचण एकच, की त्या वेळी शिक्षणासाठी आदल्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्मीच रक्कम काढता येते. म्हणून सगळे तिथे न टाकता काही पीपीएफमध्ये टाक, आणि ते खाते याच वर्षी उघड, म्हणजे महाविद्यालयाच्या आधीच ते हाताशी येईल. मुलगा असता तर मी तिला थेट पीपीएफच सांगितले असते. शेअर बाजारातल्या एसआयपीत, म्हणजे म्युच्युअल फंडात नियमित ठरावीक रक्कम गुंतवत राहिल्यास, एवढ्या वर्षांत याहून जास्त मिळू शकते हे खरे आहे, बाजाराच्या चढउतारांतही ज्यांना झोप लागते त्यांनी तेही करावे.

तिने सगळे ऐकून घेतले. मग कागदाची पुन्हा नीट घडी घातली आणि खाली बघत म्हणाली, "पण ताई, दादांना नाही कसे म्हणू? बारशाला त्यांनी बाळाला सोन्याची अंगठी घातली आहे." यावर मला काही उत्तर सुचले नाही, कारण मांडीवरची मुलगी आणि ते चित्रांचे पुस्तक मला समोर दिसत होते.

आता जेवणानंतर मी कपाटातून माझी फाईल काढली आहे. पॉलिसी, मुलीच्या कर्जाच्या मंजुरीपत्राची प्रत आणि साडेआठ लाखांचा निळा आकडा लिहिलेले ते माहितीपत्रक, अशी तिन्ही माझ्या पर्समध्ये ठेवली आहेत. चेक दुपारी द्यायचा आहे असे ती म्हणाली होती. मी उद्या अर्धा तास आधी कार्यालयात जाणार आहे.